शुद्धीतला माणूस

कांदा साठवायच्या बराखीच्या तोंडाशी लावलेला तुराट्यांचा कूड गोरखनं ओढून काढला, तसा आतला वास सारजाच्या तोंडावर आला. भादवा अर्धा सरला होता. वैशाखात भरलेला कांदा चार महिने दमटीत बसून खालून नासला होता. वरून धड दिसणारा कांदा उचलला की बोट आत रुतायचं आणि पिवळट चिकट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत यायचं. त्यात बारीक पांढऱ्या अळ्या. सारजानं पदर नाकावरून घेतला, मानेमागं गाठ मारली आणि पाटी पुढ्यात ओढून बसली.

निवडायला चौघं होती. सारजा, तिची सासू बयाबाई, अकरा वर्षांची पोर प्राची आणि सारजाचा नवरा गोरख. चांगला कांदा एकीकडं, बारकी गोल्टी दुसरीकडं आणि सडका पाटीत. पाटी भरली की डोक्यावर घेऊन ओढ्याकाठच्या खड्ड्यात रिती करायची. ती खेप सारजाची. पाटीच्या फटीतून पाणी गळायचं, कपाळावर, नाकावर, ओठांवर. ओठ मिटून घेतले तरी चव लागायची.

"पाचवा गडी कुठाय?" बयाबाई म्हणाली. हे ती रोज एकदा विचारायची.

"निजलाय राजा," गोरख म्हणाला. "त्याला वास सोसत न्हाई."

पाचवा गडी म्हणजे गोरखचा धाकटा भाऊ नवनाथ. बत्तीस वर्षांचा. आषाढापासून गोठ्याशेजारच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याची बायको दोन वर्षांमागं डिंभ्याला माहेरी गेली ती परत आली नाही. कुणी तिला बोल लावला नाही. असल्या माणसाजवळ कोण नांदेल, असंच सगळे म्हणाले.

दुपारी सारजा भाकरी घेऊन त्याच्या खोलीत गेली. सकाळची भाकरी तशीच होती, तिच्यावर मुंग्या लागल्या होत्या. नवनाथ महिनाभर अंघोळीला उठला नव्हता. दाढीत लाळ वाळून पापुद्रे धरले होते. गोधडीला मुताचा वास येत होता. सारजा दारातच थांबली आणि थाळी पायानं आत सरकवली. कुत्र्याला सरकवावी तशी.

"उठा की वो भाऊजी," ती म्हणाली. "आमी मरतोय तिकडं."

"मला मरता येत न्हाई वयनी," तो भिंतीला म्हणाला. "लई जड झालंय समदं."

"जड? काय उचललंय तुमी सकाळपासनं?"

त्यानं गोधडी डोक्यावरून ओढली. सारजा बाहेर येऊन थुंकली. बराखीत तिचा जीव जेवढा किळसला नव्हता तेवढा इथं किळसला. कांदा बिचारा मुद्दाम सडत नाही, हा मुद्दाम सडतोय, असं तिला वाटलं.

घरात सगळ्यांना तसंच वाटत होतं. दर पावसाळ्यात अंग टाकायचं, कामं उरकली की दसऱ्याच्या सुमाराला उठायचं आणि मग दिवाळीपर्यंत माजायचं. पाच-सहा वर्षं असंच चाललं होतं. बयाबाई म्हणायची, बाप गेल्यावर लाडानं वाया गेला. गोरख म्हणायचा, पायताणानं सरळ होईल.

गोरख स्वतः सरळ माणूस होता. गावात तरी तसंच नाव होतं. दारू नाही, पत्ते नाहीत. सदरा पांढरा, इस्त्रीचा. देवळाच्या कामाला पहिला. फक्त त्याचं डोकं गरम, असं घरचे म्हणायचे, आणि ते घरातच गरम व्हायचं. भाजीत मीठ कमी पडलं तर, प्राची मोठ्यानं हसली तर, कधी काहीच झालं नाही तरी. सारजाच्या पाठीवर, मांडीवर, दंडाच्या आतल्या बाजूला नेहमी एखादा काळानिळा डाग असायचा. त्याचं कुणाला काही वाटत नसे. सारजालाही वाटेनासं झालं होतं. पुरुषाला राग यायचाच.

घटस्थापनेच्या दिवशी नवनाथ उठला.

विहिरीवर जाऊन अंघोळ केली, दाढी केली आणि थेट बराखीत शिरला. दोन दिवसांत त्यानं एकट्यानं चौघांचं काम केलं. सडक्या पाट्या दोन-दोन एकावर एक डोक्यावर घेऊन पळत जायचा. मोठ्यानं गाणी म्हणायचा. बयाबाईनं त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. "आला बाई माणसात," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सारजाच्या ध्यानात आलं की हा झोपत नाही. जेवायलाही बसत नव्हता. भाकरीचा तुकडा हातात धरून बोलत फिरायचा, आणि बोलणं संपत नव्हतं. एका वाक्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. तोंडाच्या कोपऱ्यात फेस साचायचा, तो पुसायचं भान नसायचं. सहाव्या दिवशी तो प्राचीची सायकल घेऊन लेण्याद्रीला गेला आणि पाय सोलून चालत परत आला.

"पायऱ्या लई हायेत," तो अंगणात उभा राहून सांगत होता. "म्हाताऱ्या माणसांनी कसं चढायचं? मी पाळणा बसवणार. लोखंडी पाळणा, मोटरवर चालणारा. इंजिनेराशी बोललोय मी."

"कुठल्या इंजिनेराशी?" गोरखनं विचारलं.

"वाटंत भेटला. त्याला प्राचीची सायकल दिली. येताना घिऊन ईल."

प्राची रडायला लागली. नवनाथ तिच्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "येडे, तुला उडायचं इमान घेतो."

गोरखनं त्याच्या कानफटात मारली. नवनाथला ती लागलीच नाही. गालावर चार बोटं उमटलेली असताना तो पाळण्याच्या तारांचं बोलत राहिला.

त्या गुरुवारी कांदा मंचरच्या बाजाराला गेला. नवनाथला घरी ठेवायचं ठरलं होतं, पण टेम्पो फाट्यावर पोचला तेव्हा तो गोण्यांवर बसलेला होता. सारजा गोण्या ओतताना तोंडं धरायला म्हणून बरोबर गेली होती. मार्केटात ढीग ओतले, आडत्याची माणसं आली, लिलाव सुरू झाला. शेजारच्या ढिगाला कुणी पन्नास म्हटलं, कुणी बावन्न, आणि नवनाथ ढिगावर चढून ओरडला, "पाचशे!"

लोक हसले. तो दुसऱ्या ढिगावर उडी मारून गेला. "ह्येलाबी पाचशे! समदा बाजार माझा! कुणी घरी न्यायाचा न्हाई!"

पायाखाली कांदा फुटत होता, घरंगळत होता. ज्याचा ढीग तो शेतकरी शिव्या देत धावला. पण व्यापाऱ्यांतल्या दोघा-तिघांना मजा वाटली. "बोला नवनाथशेठ, ह्येला किती?" ते एकेका ढिगाकडं बोट करायचे आणि नवनाथ पळत जाऊन त्यावर चढायचा. हमालांनी गोल केला. त्याचं धोतर सुटलं. तो तसाच उघडा उभा राहून हात वर करून बोली बोलत होता, घामानं निथळत होता, आणि शे-दोनशे माणसं पोट धरून हसत होती.

सारजा गर्दीतून आत घुसली. धोतर उचलून त्याच्या कमरेला गुंडाळायला गेली. "भाऊजी, खाली चला. तुमच्या पाया पडते."

तो तिच्याकडं वळला. डोळे लालभडक होते. तिला एक अशी शिवी दिली की बाजूचे हमालही गप्प झाले, आणि मग तिच्या तोंडावर थुंकला.

गोरख तिथं आला तेव्हा थुंकी तिच्या गालावरून ओघळत होती. गोरखनं चप्पल काढली. नवनाथ पडला, त्याचं डोकं वजनकाट्याच्या लोखंडी कडेवर आपटलं, रक्त आलं, तरी गोरखचा हात थांबला नाही. शेवटी लोकांनीच धरला. सारजानं गाल पुसला, पदराकडं बघितलं आणि तिथंच कडेला जाऊन ओकली.

टाके घालायला त्याला मंचरच्याच एका दवाखान्यात नेलं. सहा जणांनी धरून ठेवला होता. टाके घालणाऱ्या डॉक्टरनं त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"हा प्यालेला नाही," तो म्हणाला. "किती दिवस झोपला नाही?"

गोरख म्हणाला, "झोपतोय कसला! तीन महिने झोपलाच व्हता."

डॉक्टरनं मान वर करून बघितलं. "आज गुरुवार. वरच्या माळ्यावर पुण्याच्या बाई येतात, मनाच्या आजाराच्या. त्यांना दाखवल्याशिवाय घरी नेऊ नका."

बाई पन्नाशीच्या होत्या. आवाज बसका. त्यांनी नवनाथला एक इंजेक्शन दिलं आणि मग गोरखला विचारायला सुरुवात केली.

"ह्याला आजार कसला," गोरख म्हणाला. "कामाच्या येळंला आळस अन् सणाच्या येळंला माज. लाथेचा माणूस हाय ह्यो."

"आळस केव्हा येतो?"

"पावसाळ्यात."

"दरवर्षी?"

"दरसाल."

"आणि माज?"

"दसऱ्याला."

"आळशी माणूस जेवणाचा आळस करतो का?" बाईंनी विचारलं. "तीन महिने आपल्याच मुतात पडून राहण्यात त्याला काय सुख मिळत असेल? आणि माजलेला माणूस सात दिवस न झोपता राहतो? तुम्ही राहून दाखवा."

गोरखनं सदऱ्याची बाही सारखी केली. बाई सारजाकडं वळल्या. "तुम्ही सांगा. मधल्या दिवसांत कसा असतो? संक्रांतीला, शिमग्याला?"

सारजाला आठवावं लागलं. "चांगला असतोय," ती म्हणाली. "कमी बोलतो. पोरीला पाढे शिकवतो. मला पाणी भरून देतो." हे सांगताना तिला पहिल्यांदा कळलं की वर्षातले सात-आठ महिने तो घरातला सगळ्यात बरा माणूस असतो.

"ह्याला बायपोलर म्हणतात," बाई म्हणाल्या. "मन एकदा खोल जातं, एकदा वर चढतं. त्याच्या हातात नसतं. रागानं, लोभानं, कंटाळ्यानं आपण सगळेच बिघडतो, पण ते तासाभराचं, दिवसाचं. हा आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने बदलून जातो. झोप बदलते, भूक बदलते, बोलणं बदलतं. ह्याला मारून काही होणार नाही. औषध आहे."

नवनाथला तीन आठवडे पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं. सोबतीला सारजा राहिली. गोरखला रानातली कामं होती.

कार्तिक लागता लागता तो घरी आला तो निराळाच. पोट सुटलेलं, तहान सारखी, हाताला बारीक कापरं. चहाचा कप बशीत खडखड वाजायचा. सकाळ-संध्याकाळ गोळी आणि ठरल्या महिन्यांनी रक्त तपासायचं. पण झोपायचा, उठायचा, रानात जायचा. सावकाश काम करायचा.

आल्यावर आठ दिवसांनी तो मंचरला गेला आणि ज्यांच्या ढिगांवर चढला होता त्यातल्या सापडतील त्या शेतकऱ्यांपुढं हात जोडून आला. काहींनी पाठीवर थोपटलं, काही पुन्हा हसले. एकानं त्याला पुन्हा "शेठ" म्हणून हाक मारली. मग एका संध्याकाळी चुलीपुढं सारजा भाकरी थापत असताना तो उंबऱ्याशी येऊन बसला.

"वयनी, मला आठवतंय."

"काय?"

"समदं. धोतर. शिवी. थुकलो ते."

सारजानं भाकरी उलटली. "आजार व्हता. बाईंनी सांगितलं न्हाई का?"

"आजार व्हता. पण थुकी माझ्याच तोंडातली व्हती. आजार हाये म्हणून ती पुसली जात न्हाई." तो खाली बघत होता. "मला माफ करा म्हणायला तोंड न्हाई. तरी म्हणतोय."

 सारजानं त्याच्यापुढं ताट ठेवलं, हातानं, नीट, आणि तिला आपल्याच पायाची लाज वाटली. थाळी सरकवणारा तो पाय.

आजाराचं नाव घरात आलं तसं ते गोरखच्या तोंडीही आलं. पौषात एकदा त्यानं सारजाच्या मांडीवर पेटलेलं लाकूड टेकवलं, कारण अंघोळीचं पाणी निवलं होतं. दुसऱ्या दिवशी बयाबाई फोडावर कोरफड लावत असताना तो जवळ आला.

"माझं डोकं माझ्या ताब्यात राहत न्हाई," तो म्हणाला. आवाज मऊ, रडवेला. "नवन्याला हाये तेच मला असणार. रक्तच एक."

"एका कुशीतली हायेत दोघं," बयाबाई म्हणाली. "बिचारा. त्याचं कुणी बघितलंच न्हाई."

तेव्हापासून ते सुरू झालं. मारायचं आणि संध्याकाळी कपाळाला हात लावून बसायचं. "बायपोलर हाये मला. तुमी लोक समजून घेत न्हाई." नवनाथला जसं गरम जेवण मिळतं तसं मलाही मिळालं पाहिजे, मला कुणी उलट बोलता कामा नये, पोरीनं माझ्यासमोर हसता कामा नये. हे सगळं आजाराच्या नावावर. सारजा आधी त्याला घाबरायची. आता त्याचा तो मऊ आवाज ऐकला की ती उठून बाहेर जायची. मारापेक्षा तो आवाज घाण वाटायचा.

चैत्र संपता संपता कांदा काढला. काढलेला कांदा वाफ्यातच पातीखाली सुकत पडला होता. शेजारच्या रानात भुईमुगाला पाणी चालू होतं आणि दार मोडायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, प्राची उभी होती. ऊन टळटळत होतं. पोर बांधावरच्या करंजाखाली जरा टेकली, तेवढ्यात पाट फुटला आणि पाणी कांद्यात शिरलं. दोन वाफे भिजले.

गोरख आला. भिजलेला कांदा बघितला. इकडं तिकडं बघितलं. सारजा पलीकडच्या वाफ्यात पात कापत होती, ती उठून पळाली तोवर त्यानं प्राचीचा हात मागं नेऊन पिरगळला होता. कट्ट असा आवाज सारजाला दहा पावलांवरून आला. पोरीचा आवाज त्यानंतर आला.

नवनाथनं तिला खांद्यावर टाकून फाट्यापर्यंत नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लॅस्टर घालणाऱ्यानं विचारलं, "कशी पडली?" गोरख मागाहून मोटारसायकलवर आला होता. तो पटकन म्हणाला, "बांधावरनं." आणि घरी आल्यावर अंगणात बसून रडला. "माझ्या हातनं झालं न्हाई ते. आजारानं केलं."

सारजा त्याच्यासमोर उभी राहिली. "मग चला गुरुवारी," ती म्हणाली. "बाईंकडं. तुमालाबी गोळी चालू करू."

तो खुशीनं तयार झाला. इस्त्रीचा सदरा घातला. वाटेत एस्टीत शेजारच्या माणसाला म्हणाला, "डोक्याचा तरास हाये राव. खानदानी."

बाई त्याच्याशी तासभर बोलल्या. मग त्याला बाहेर बसवून सारजाला आत घेतलं.

"झोप कशी आहे मालकांची?"

"चांगली. पोरीचा हात मोडला त्या दिवशीबी जेवून घोरत व्हते."

"आठवडाभर खूप उत्साहात, किंवा महिनाभर पडून, असं कधी?"

"न्हाई. बारा म्हैनं सारखंच."

"रागात असताना दारात कुणी आलं, तर काय होतं?"

 दूध गोळा करणारा भिका सारजाला आठवला. मागल्या महिन्यात गोरखनं तिचे केस धरले होते, मूठ उगारली होती, तेवढ्यात भिकाच्या गाडीचा आवाज आला. गोरखनं केस सोडले, सदरा ओढून नीट केला आणि दारात जाऊन हसत म्हणाला, "या भाऊ, चहा घेता का?" भिका चहा पिऊन, गप्पा मारून गेला. गाडीचा आवाज लांब गेल्यावर गोरखनं कडी लावली आणि राहिलेलं पुरं केलं.

तिनं हे सांगितलं.  इतकी वर्षं तिनं हे बघितलं होतं आणि कधी बघितलंच नव्हतं.

"मारतात कुठं?" बाईंनी विचारलं.

"झाकल्या अंगावर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या दिराला सगळा बाजार बघत होता, तरी थांबता आलं नाही. स्वतःचं डोकं फुटलं तरी नाही. तुमचे मालक गाडीच्या आवाजावर थांबतात, आणि जागा निवडून मारतात. मला त्यांच्यात आजार दिसत नाही. आणि दिसला असता, तरी त्यानं पोरीचा हात मोडायची मुभा मिळाली नसती. हे मी त्यांनाही सांगणार आहे."

त्यांनी सांगितलं. गोरख पडेल चेहऱ्यानं खाली आला. स्टँडवर उसाचा रस पिताना तो म्हणाला, "तिला काय कळतंय. नारायणगावला एक हाये म्हणत्यात. त्याला दाखवू."

सारजानं त्याच्याकडं बघितलं. ओठावर रसाचा फेस होता, बाहीला एक सुरकुती नव्हती. आजार मिळावा म्हणून हा माणूस गावोगाव फिरायला तयार होता. तिनं आपला ग्लास तसाच गाड्यावर ठेवला.

घरी आल्यावर तिनं नवनाथला झालेलं सगळं सांगितलं. त्यानं संध्याकाळची गोळी गिळली. मग म्हणाला, "मी वाटणी मागतो. विहिरीकडचं रान माझ्या वाट्याला येतंय. तिथली खोली तुमाला अन् पोरीला. मी गोठ्यातच बरा."

"लोक काय म्हणतील, भाऊजी?"

"मला लोकांनी उघडा बघितलाय. आता काय म्हणायचं राहिलंय?"

ज्येष्ठात एका सकाळी वाटणी बसली. पोलीस पाटील सावळेरामआण्णा आले, तलाठी भाऊसाहेब कागद घेऊन आले, शेजारपाजारचे चार जण आले. ओसरीवर सतरंजी टाकली. गोरख भिंतीला टेकून बसला होता.

"वाटणी कसली," तो म्हणाला. "येड्याची सही चालते का कुठं? गोळ्या चालू हायेत त्याला. विचारा भाऊसाहेबांना."

सगळे नवनाथकडं बघायला लागले. नवनाथनं खिशातून घडी केलेला कागद काढला. हात कापत होता, त्यामुळं कागद फडफडत होता. कुणीतरी तोंड लपवून हसलं.

"मी आजारी हाये. येडा न्हाई," तो म्हणाला. "बाईंनी लिहून दिलंय."

तलाठ्यानं कागद वाचला, दोनदा वाचला. "औषधावर स्थिर आहे, व्यवहार समजतो, असं लिहिलंय. चालेल."

"आण्णा, आजून एक," सारजा आतल्या दारातून म्हणाली. ओसरीवर माणसं बसलेली असताना ती आजवर कधी बोलली नव्हती. तिनं प्राचीला पुढं केलं. प्लॅस्टर मळून काळं पडलं होतं. "पोरगी बांधावरनं पडली न्हाई. बापानं हात मोडला. म्हणून मी पोरीला घिऊन विहिरीवर राहाणार हाये."

 बयाबाई आतून म्हणाली, "घरची अब्रू चव्हाट्यावर..."

सावळेरामआण्णांनी गोरखकडं बघितलं. "खरं का रं?"

गोरखनं कपाळाला हात लावला. तोच मऊ आवाज काढला. "आण्णा, मलाबी त्योच आजार हाये. नवन्याचा. खानदानी. डोकं फिरलं की मी शुद्धीत राहत न्हाई. काय करतो ते माझं मलाच कळत न्हाई."

आण्णा च्च च्च करायला लागले. तेवढ्यात तलाठ्यानं कागदावरून मान वर केली. त्याला कुणाची बाजू घ्यायची नव्हती, त्याला दुपारच्या आत दुसऱ्या गावी जायचं होतं.

"मग तुमचा डॉक्टरचा दाखला कुठाय?" त्यानं विचारलं.

"कसला दाखला?"

"तुमच्या भावानं दिला तसा. तुम्ही शुद्धीत नसता म्हणताय, गोळ्याही घेत नाही. मग तुमची सही मी कशी घेऊ? येड्याची सही चालत नाही, तुम्हीच म्हणालात. तुमच्या हिश्श्याला कुणीतरी पालक नेमावा लागेल. बायको, नाहीतर हा भाऊ."

गोरखचा हात कपाळावरून खाली आला. मांडी मोडून तो ताठ बसला. चेहऱ्यावरचं रडं कुठल्या कुठं गेलं.

"मला काय धाड भरलीय!" तो ओरडला. "मी चांगला खणखणीत हाये. आजपातुर माझ्या हातनं एक गोष्ट बेशुद्धीत झाली न्हाई. समद्या गावाला विचारा!"

 शेजारच्यांपैकी एकानं प्राचीच्या हाताकडं बघितलं आणि नजर वळवली. आपण काय बोललो ते गोरखला जरा उशिरानं कळलं. 

सारजा उंबरा ओलांडून ओसरीवर आली. तलाठ्यासमोर उभी राहिली.

"भाऊसाहेब, ते म्हणाले तसं लिव्हा," ती म्हणाली. "माणूस शुद्धीत हाये. आणि त्या दिवशीबी व्हता."